तिसरा खांब

"धुकं कुठं आहे?"

खंडोजी अण्णांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव विचारलं, ना गाव, ना कितव्या मजल्यावर राहता हे. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीचं बेसमेंट, संध्याकाळची वेळ. मी माझी नवी गाडी रॅम्पवरून खाली आणत होते. नवी म्हणजे दुसऱ्याच्या हातची, पण मला नवीच. तर पांढऱ्या मिशांचा एक उंच, ताठ माणूस हात आडवा धरून गाडीपुढे उभा. मला वाटलं, चुकीच्या रॅम्पनं आले की काय. काच खाली केली.

"कसलं धुकं?" मी विचारलं.

"तेच विचारतोय की. बंपरात खाली दोन दिवे जळतायत तुझे. ते फॉग लाईट. फॉग म्हणजे धुकं. तर ते कुठं आहे, दाखव की मला."

गाडीची पाटी महाराष्ट्राची होती, त्यावरून त्यांनी भाषा ओळखली असणार. मी आधीच ऑफिसातून वैतागून आलेली. इलेक्ट्रॉनिक सिटीपासून घरापर्यंतचा रस्ता माणसाला रोज थोडा थोडा खातो. त्यात हे.

"गाडीत दिलेत ते दिवे. वापरायलाच दिलेत ना?"

"घरात विळी असते," अण्णा म्हणाले, "म्हणून दिवसभर चिरत बसतेस काय?"

मी मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यातली. वडील गवंडी. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली आणि चारचाकी घेतलेलीही मीच पहिली. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते, त्यात मला काडीचा संकोच नाही. अशा माणसाला गाडीचे सगळे दिवे लावून रस्त्यानं जाण्यात काय वाटतं, ते ज्याच्या घरी आधीपासून गाड्या आहेत त्याला कळायचं नाही. म्हणून मी दिवे बंद न करताच काच वर केली. अण्णा बाजूला झाले. पण गाडी लावून लिफ्टकडे आले तर तिथं उभेच.

"भांडखोर आहेस. सरी, चालतंय," ते म्हणाले. "चहा प्यायला ये. आमची सरोज मराठी बोलायला माणूस शोधत असते."

अण्णांची ओळख ही अशी झाली. ज्याला टोकायचं, त्याला चहाही पाजायचा.

त्यांच्या घराण्याला बेंगळुरूत येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झालेली. "आम्ही घोड्यावरून आलो," ते सांगायचे, "आणि घोड्याला फॉग लाईट नव्हता, म्हणून पोचलो." मराठी घरात, कन्नड बाहेर, आणि चिडले की दोन्ही एकदम. मला ते अश्विनम्मा म्हणत. मोठाल्या गाड्या बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात ते इंजिनिअर होते. हेडलाईटचा झोत भिंतीवर पाडून तो किती वर जातो, किती खाली, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण ती भिंत काही डोळ्यांपुढून हलली नाही. गावभरच्या गाड्यांचे झोत ते अजून तपासतच होते.

कायदा काय आहे, हे ते एका दमात सांगत. धुकं, मुसळधार पाऊस, धुळीचे लोट, असं काही होऊन पुढचं दिसेनासं झालं तरच फॉग लाईट लावायचे. तेही एकटे नाहीत, खाली वळवलेल्या हेडलाईटच्या सोबतीला. दिसायला लागलं की बंद. "यात न कळण्यासारखं काय आहे?" असं शेवटी विचारायचे. खरंच काही नव्हतं. म्हणूनच तर चीड यायची.

आता दिसेनासं म्हणजे नेमकं किती, असा प्रश्न मी पदवीधर असल्यामुळे विचारलाच. त्यावर त्यांचा स्वतःचा हिशेब होता. रस्त्याच्या कडेचे दिव्याचे खांब बघायचे. आपल्यापासून तिसरा खांब दिसत नसेल तर दिवे लावायचे. तिसरा दिसला की बटण बंद. गाडी चालवताना ते मध्येच म्हणायचे, "सरोज, तिसरा खांब?" आणि सरोजक्का मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणायच्या, "दिसतो की." लग्नाला चाळीसेक वर्षं झालेल्या जोडप्याचा हा खेळ होता, असं मी धरून चालले होते.

एकदा मी त्यांना मुद्दाम डिवचलं. म्हटलं, फॉग लाईटनं होतं तरी काय एवढं? जरा जास्त उजेड, एवढंच ना? अण्णा उठले, बॅटरी घेतली आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सरोजक्कांनी नुकतंच इडलीपात्राचं झाकण उघडलं होतं. भांड्यातून वाफेचा लोळ उठत होता. अण्णांनी बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरून वाफेत मारली. पुढे नुसती पांढरी भिंत. मग गुडघ्यांवर बसले, बॅटरी ओट्याच्या कडेला आडवी धरली आणि वाफेच्या खालून झोत सोडला. ओट्यावरचं मिठाचं भांडं दिसायला लागलं.

"बघितलंस? धुक्यात हा खालचा, पसरट झोतच कामाचा. आता वाफ जाऊ दे." वाफ गेली. अण्णांनी खाली बसूनच बॅटरी माझ्याकडे वळवली. उजेड सरळ डोळ्यांत. "आणि हे धुकं नसताना. समोरून स्कूटरवर एखादी बाई येत्येय, पाऊस नुकताच पडून गेलाय, रस्ता ओला. वरून एक झोत, ओल्या डांबरावरून उसळलेला दुसरा. तिनं खड्डा बघायचा कशानं? आणि मागचा लाल दिवा तर आणखी वाईट. मागच्याला वाटतं ब्रेक मारला. खरा ब्रेक मारशील तेव्हा त्याला कळणारच नाही."

"आयतु, झालं! सगळ्या इडल्या," सरोजक्का म्हणाल्या, "थंड झाल्या. आता तुमचं धुकं बंद करा आणि उठा. उठता येतंय का, धरू?"

दुसऱ्या दिवसापासून मी फॉग लाईट लावले नाहीत. पटलं म्हणून. अण्णांचं म्हणणं पटलेली त्या इमारतीत बहुधा मी एकटीच.

बाकी सगळं शहर त्यांच्या विरुद्ध होतं, आणि अण्णा सगळ्या शहराच्या. सिग्नलला गाडी थांबली की ते शेजारच्या, समोरच्या गाड्या बघत. कुणाचे फॉग लाईट दिसले की हात बाहेर काढून पंजा उघडायचे, मिटायचे, उघडायचे, मिटायचे. दिवा बंद कर, अशी ही खूण. निम्म्या लोकांना काहीच कळायचं नाही. उरलेल्यांना वाटायचं, म्हातारा काहीतरी मागतोय. एकदा सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत ते दार उघडून खालीच उतरले आणि एका भल्या मोठ्या गाडीच्या काचेवर टकटक केली. आतला तरुण म्हणाला, "अंकल, व्हॉट्स युअर प्रॉब्लेम?" अण्णांनी इंग्रजीत सांगितलं, मग हिंदीत, मग कन्नडमध्ये. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागून भोंग्यांचा कल्लोळ, आणि तो तरुण दिवे तसेच ठेवून निघून गेला. मी अण्णांच्या गाडीत बसून शरमेनं अर्धी झाले होते.

अण्णा शांतपणे वाहतूक पोलिसाकडे गेले. पोलीस घामाघूम. म्हणाला, "सार्, हेल्मेट नोडला, फॉग लाईट नोडला? नीवे हेळी." म्हणजे हेल्मेट बघू की फॉग लाईट बघू, तुम्हीच सांगा. अण्णा परत फिरले. गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. पण माझंही बरोबर आहे."

सोसायटीच्या बैठकीत त्यांनी मागणी केली, की बेसमेंटमधून बाहेर पडताना दिसेल अशी एक पाटी लावा, बाकी काही नको. सेक्रेटरी म्हणाले, पाट्या फार झाल्यात. कुत्र्यांची आहे, कचऱ्याची आहे, क्रिकेटची आहे. त्या रात्रीपासून सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचं नाव फॉग अंकल पडलं. कुणीतरी डोंगरावरच्या धुक्याचा फोटो टाकायचं आणि खाली लिहायचं, अंकल, आता लावू का? बाकीचे हसणारी तोंडं टाकायचे. ही सगळी शिकलीसवरलेली माणसं. घराण्यात चार-चार पिढ्या पदव्या असलेली. मी ग्रुपवर लिहिलं, की शिकून एवढं साधं कळत नसेल तर शिकलात कशाला?  दिवे मात्र कुणी बंद केले नाहीत.

अण्णांना मी तो ग्रुप दाखवला तर म्हणाले, "फोटो चांगला आहे की. तिसरा खांब दिसत नाही त्यात. लावायला हरकत नाही, असं लिही."

रविवारी सकाळी अण्णा आणि सरोजक्का हेब्बाळला लेकीकडे जात. नातीला गाडीत घालून स्केटिंगच्या क्लासला सोडायची आणि आणायची, हे अण्णांचं आठवड्यातलं सर्वांत मोठं काम. माझा धाकटा भाऊ तिकडेच खोली घेऊन शिकत होता, त्याला डबा द्यायला मी जायची. "एका दिशेला दोन गाड्या कशास?" म्हणून अण्णांनी मला कायमचीच त्यांच्या गाडीत घेतली. आधी सरोजक्का मागं बसून झोपायच्या आणि मी पुढं. मग एक दिवस त्या म्हणाल्या, मागं बसलं की गाडी लागते गं, आणि पुढं बसायला लागल्या. तेव्हापासून त्यांचं बोलणं वाढलं. "अगंबाई, लाल झाला वाटतं." "केवढा हा ट्रक उजवीकडं." "पुढची रिक्षा थांबलीच की हो." मला वाटायचं, वय झालं की माणसाला बडबड लागते. मी कानात इअरफोन घालून गाणी ऐकायचे.

जानेवारीतला असाच एक रविवार. ऊन चांगलं वर आलेलं. फ्लायओव्हरवरून हेब्बाळचं तळं दिसायला लागलं, पाण्यावर बगळे, पलीकडच्या काठावर चालायला आलेली माणसं, त्यातल्या एकाची लाल टोपीसुद्धा मला दिसत होती. तेवढ्यात पुढे टक् असा बारीक आवाज झाला. अण्णांनी फॉग लाईटचं बटण दाबलं होतं. डॅशबोर्डवर हिरवी खूण पेटली.

मला वाटलं, चुकून हात लागला. अण्णा म्हणाले, "आज भारी धुकं आहे."

मी सरोजक्कांकडे पाहिलं. त्या सरळ समोर बघत होत्या. काहीच बोलल्या नाहीत. सगळा रस्ता बोलत आलेली बाई.

खाली उतरून सिग्नलला थांबलो. शेजारी एक डिलिव्हरीवाला मोटारसायकलवर आला, पाठीवर खाण्याची मोठी पेटी. त्यानं वाकून अण्णांच्या काचेवर टकटक केली. "अंकल, फॉग लाईट आफ माडी!" आणि पंजा उघडून मिटून दाखवला. हुबेहूब अण्णांची खूण. एवढ्या वर्षांत, एवढ्या गावात, ही खूण करणारा दुसरा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मूर्ख," अण्णा म्हणाले. "एवढ्या धुक्यात बंद कर म्हणतो."

सिग्नल सुटला. "सुटला हो," सरोजक्का हळूच म्हणाल्या. गाडी पुढे गेली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकेक करून सगळं जागेवर बसलं. लाल झाला वाटतं. केवढा हा ट्रक. तिसरा खांब? दिसतो की.

मला इतका राग आला, की कुणावर काढावा कळेना. पुढच्या वळणानंतर लेकीचं घर. गेटपाशी ती पोर हेल्मेट घालून उभी असणार, अण्णांच्या गाडीत बसायला.

"अण्णा," मी म्हटलं, "धुकं नाहीये."

"काय?"

"धुकं नाहीये. ऊन पडलंय. गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली. डावीकडचा दिवा लावून, आरसा बघून, रीतसर घेतली. आरशात त्यांना काय दिसलं असेल देव जाणे. गाडी थांबल्यावर त्यांनी मला विचारलं. सरोजक्कांना नाही, मला.

"तिसरा खांब?"

"दिसतो."

"त्याच्या पुढचा?"

"तोही दिसतो. शेवटपर्यंत सगळे दिसतात."

अण्णांनी बटण बंद केलं. दोन्ही हात चाकावर ठेवून बसले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "सरोज, कधीपासून?"

"गणपतीपासून," सरोजक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. "तुमची गाडी गेली तर तुम्ही काय करणार होता? भिंतीकडं बघत बसणार होता दिवसभर. म्हटलं, मी आहे ना शेजारी. मी बघते."

मी फार बोलले तेव्हा. अक्का, तुम्ही स्वतः कधी गाडी चालवली नाही आणि शेजारी बसून चालवत होता, नातीला मागं बसवून, अशा सगळ्या गोष्टी बोलले. त्या रडत होत्या तरी बोलले. अण्णांनी मला थांबवलं नाही. ते खाली उतरले, गाडीला हात लावत लावत वळसा घालून मागच्या दारापाशी आले.

"सरक," म्हणाले. "नाही, सरकू नकोस. पुढं जा. चालव."

मी चालवायला बसले. मागं अण्णांनी चाचपून पट्टा लावला. मग म्हणाले, "त्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत गेला असेल झोत. मी त्याला मूर्ख म्हटलं."

मोतीबिंदू होता, तो काढला. पण त्याच्यामागे काचबिंदू निघाला, आणि काचबिंदूनं नेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. आधी आला असता तर राहिलेलं वाचलं असतं, हेही सांगितलं. सगळ्यांत संताप मला याचा आला, की दीड-दोन वर्षांपूर्वीच त्यांचं लायसन्स नवं झालं होतं. त्याला वैद्यकीय दाखला लागतो. कुठल्याशा डॉक्टरनं तो खुर्चीतून न उठता सही करून दिला होता, डोळ्यांत बघितलंसुद्धा नाही. अण्णा त्याला म्हणाले होते, तपासा की. तो म्हणाला, तुम्ही तर माझ्यापेक्षा ताठ दिसता, सार्.

म्हणजे जो एक माणूस नियमानं चालायला तयार होता, त्यालासुद्धा या गावानं नियमानं चालू दिलं नाही.

अण्णांनी गाडी विकली नाही, जावयाला दिली. लायसन्स परत द्यायला स्वतः गेले. तिथला माणूस म्हणाला, कशाला, राहू दे की, ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतं. ते तिथंही भांडले. मी सोबत होते. पहिल्यांदाच मला शरम वाटली नाही, मीही भांडले.

मग लेकीनं दोघांना हेब्बाळला न्यायचं ठरवलं. सामान आधी गेलं. निघायच्या दिवशी भर दुपारी अण्णा, सरोजक्का आणि मी बेसमेंटच्या रॅम्पपाशी टॅक्सीची वाट बघत होतो. एव्हाना त्यांना उजेड आणि सावली एवढंच नीट कळत होतं. तरी उभे तसेच, ताठ. हातात ती जुनी बॅटरी. बॅटरी पेटीत का नाही टाकली, हे सरोजक्कांनी विचारलं नाही आणि मीही नाही.

आतून तिसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी आली. फोटो टाकणाऱ्यांतलाच तो एक. बंपरातले दोन्ही दिवे लख्ख. अण्णांनी त्या उजेडाकडे तोंड वळवलं. मग हात वर केला आणि पंजा उघडला, मिटला. उघडला, मिटला.

त्या माणसाला वाटलं, अण्णा निरोप देतायत. त्यानं काच खाली केली, स्वतःही हात हलवला. "बाय अंकल! मिस यू!" आणि दिवे तसेच ठेवून रॅम्प चढून गेला.

"बंद केले?" अण्णांनी विचारलं.

सरोजक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलायच्या आत मी म्हटलं, "नाही."

"मग तू इथं काय उभी आहेस? जा की!"

मी पळाले. चपलेचा पट्टा तुटला, तो हातात घेऊन रॅम्प चढले. गाडी गेटबाहेरच ट्रॅफिकमध्ये अडकलेली होती. या गावात तेवढी एक सोय आहे, कुणी फार लांब जात नाही. वळून पाहिलं तर अण्णा खाली सावलीत उभे होते, तोंड माझ्याच दिशेनं. मी काचेवर टकटक केली. काच खाली आली.

"धुकं कुठं आहे?" मी विचारलं.

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चपलेकडे, आणि मग वर. ऊन रणरणत होतं.